ओसरीवरचे इंजिन

निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. मोडल्यातून उभे करणे या गावच्या अंगवळणीच पडलेले! आमच्या शेजारच्या काकांच्या ओसरीवर सध्या त्यांच्या वडिलांच्या जुन्या फियाटचे इंजिन उलगडून पडले आहे. माप १०८९ घन सेंटिमीटर. याच मापाच्या फियाट इंजिनावर इटलीत १९४६ साली चिसितालियाची शर्यतीची मोटार धावली. हे कळताच मुलगा हटून बसला, “बाबा, हेड आणखी घासा, जोर वाढेल!”

काका म्हणाले, “दाब वाढतो, तसा तापही. पेट्रोल अवेळी पेटलं तर पिस्टनला भोक पडेल. थोडंच घासू, पण आधी ब्रेक नवे!”

वाचकहो, वेग सर्वांनाच हवा असतो. आधी थांबण्याची सोय पाहणारे विरळाच!