चार सुताचा बोल्ट आणि गुप्तलेखनाचे यंत्र

वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे. ठरलेल्या माणसाखेरीज इतरांना कळू नये अशा रीतीने बोलणे व लिहिणे, हे तिचे प्रयोजन. तेव्हा गुप्तलेखन हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने परका मानण्याचे कारण नाही. पूर्वी हे काम माणसाची स्मरणशक्ती करी. आज ते संगणकावरील प्रोग्रॅम करतो. बँकेचा व्यवहार, मोबाईलवरून धाडलेला निरोप, परीक्षेचा ऑनलाइन अर्ज, या सर्वांना कुलूप घालणारा आणि किल्ली लावणारा हाच प्रोग्रॅम होय.

असा प्रोग्रॅम कधी कधी सुरूच होत नाही. काल चालत होता, आज एखादी चमत्कारिक सूचना दाखवून बंद पडतो. अशा वेळी ‘गणितात काही चुकले असेल’ अशी शंका प्रथम मनात येते. पण बहुधा गणित निर्दोष असते. जुळत नसतात ते प्रोग्रॅमचे सुटे भाग. हे भाग का जुळत नाहीत, दोष कसा शोधावा आणि मुख्य म्हणजे यंत्राची तक्रार दडपून का टाकू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वागळे इस्टेटमधील दाखला

ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्रातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्या काळापासून या वसाहतीचे नाव कारखान्यांशी जोडले गेले. पुढे कारखान्यांच्या शेजारी काचेच्या इमारती आल्या आणि त्यांत संगणकाचे काम सुरू झाले. लेथवर काम करणारा टर्नर आणि संगणकापुढे बसणारा प्रोग्रॅमर यांच्या धंद्यांत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. पण एक दुखणे दोघांचेही आहे. ते समजण्यासाठी टर्नरकडे आधी जाऊ.

चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या बोल्टवर एका इंचात १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. अमेरिकी पद्धतीच्या त्याच जाडीच्या बोल्टवर १३ आटे असतात आणि कोन ६० अंशांचा असतो. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर नवख्या माणसाला फरक कळणार नाही. एकाचा नट दुसऱ्यावर लावला तर पहिला एखादा फेरा बसतोही; नंतर तो अडतो. अडल्यावर शहाणा फिटर पिच गेज लावून आटे मोजतो. उतावळा माणूस मोठा पाना घेऊन जोर लावतो. मग आटे मरतात आणि तरीही नट बसल्यासारखा दिसतो! अशा बोल्टवर उभे असलेले यंत्र कधी सुटेल याचा नेम नसतो.

कंपायलर आणि सामायिक लायब्ररी

आता प्रोग्रॅमकडे वळू. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत. यंत्राला ती भाषा कळत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषा म्हणजे कंपायलर.

गुप्तलेखनाचे अवघड गणित प्रत्येक जण नव्याने लिहीत नाही. ते एकदाच नीट लिहून, तपासून एका सामायिक लायब्ररीत ठेवलेले असते. ओपनएसएसएल ही अशी एक प्रसिद्ध लायब्ररी. एका संगणकावरचे अनेक प्रोग्रॅम हीच एक प्रत वापरतात. याचा लाभ मोठा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीस आला. तेव्हा लायब्ररीची एक प्रत बदलून तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की ते सर्व त्या दोषातून सुटत. ज्यांनी लायब्ररी आपल्या पोटातच शिवून घेतली होती, ते प्रोग्रॅम मात्र एकेक करून नव्याने बांधावे लागले.

पण सामायिक वस्तूला शिस्त लागते. कंपायलर प्रोग्रॅमचे रूपांतर करतो तेव्हा लायब्ररीचा केवळ आराखडा त्याच्यासमोर असतो: कोणते काम कोणत्या नावाने मागायचे, कोणती माहिती किती जागा घेते, इत्यादी. या आराखड्याच्या फायलीला हेडर म्हणतात. प्रत्यक्ष लायब्ररीशी गाठ पडते ती नंतर, प्रोग्रॅम चालू होताना. आराखडा एका आवृत्तीचा आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असेल तर गोंधळ होतो. आपण निबंधात ‘पाहा पृष्ठ २१२’ असा संदर्भ ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून द्यावा आणि वाचकाने तिसरी आवृत्ती उघडावी, तसेच हे. पृष्ठ २१२ सापडते. त्यावर मजकूर मात्र भलताच असतो.

बेबनावाचे प्रकार

पहिला प्रकार आवृत्तीचा. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती आली आणि लायब्ररीच्या फायलीच्या नावातील क्रमांक १.१ ऐवजी ३ झाला. एप्रिल २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये हीच नवी लायब्ररी होती, जुनी नव्हती. परिणामी १.१ साठी बांधलेले प्रोग्रॅम त्या संगणकांवर ‘सामायिक फाईल उघडता येत नाही’ असे सांगून थांबू लागले. नावातील हा क्रमांक म्हणजे प्रोग्रॅमचे पिच गेजच होय. आटे जुळत नाहीत हे तो आधीच सांगतो.

दुसरा प्रकार कंपायलरचा. एप्रिल २०१५ मध्ये जीसीसी कंपायलरची पाचवी आवृत्ती आली. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ सालच्या नियमांना अनुसरून तिने अक्षरमालिका स्मृतीत साठविण्याची पद्धत बदलली. जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी आणि नव्याने बांधलेला प्रोग्रॅम यांची सांगड घालू गेल्यास ‘अमुक नाव सापडत नाही’ अशी तक्रार येऊ लागली. त्या नावात ‘सीएक्सएक्स११’ ही खूण दिसली की रोग ओळखावा. इलाज एकच: दोन्ही भाग एकाच पद्धतीने पुन्हा बांधणे.

तिसरा प्रकार मूळ प्रणालीचा. लिनक्समधील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जीलिबसी या पायाभूत लायब्ररीवर उभा असतो. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम सामान्यतः नव्यावर चालतो, उलट मात्र चालेलच असे नाही. म्हणून जो प्रोग्रॅम अनेक संगणकांवर न्यायचा, तो त्यांतल्या सर्वांत जुन्या प्रणालीवर बांधावा, असा जाणत्यांचा प्रघात आहे.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. एकाच संगणकावर लायब्ररीच्या दोन प्रती असतात. एक प्रणालीबरोबर आलेली, दुसरी कोणी हाताने बसविलेली. कंपायलर आराखडा एकीचा वाचतो आणि प्रोग्रॅम चालताना गाठतो दुसरीला. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम यावर स्वतःच पहारा ठेवतो. आपण कोणत्या आवृत्तीवर बांधले गेलो आणि समोर कोणती आहे, हे तो सुरू होतानाच ताडून पाहतो; मेळ नसेल तर पुढे जात नाही.

दोष शोधण्याची रीत

प्रथम सूचना पूर्ण वाचावी आणि तक्रार कोणत्या टप्प्यावर आली ते पाहावे. कंपायलरने तक्रार केली तर आराखड्यात गोम आहे. भाग जोडताना आली तर लायब्ररीत किंवा ती बांधणाऱ्या कंपायलरमध्ये. आणि प्रोग्रॅम सुरू होताना आली तर लायब्ररी सापडण्यात. नंतर एलडीडी या आज्ञेने प्रोग्रॅमला नेमकी कोणती फाईल मिळते ते पाहावे. मात्र अनोळखी प्रोग्रॅमवर ही आज्ञा चालवू नये, कारण तो प्रोग्रॅम त्यात चालू होण्याचा धोका असतो. तेथे रीडएल्फ वापरावी. नवी लायब्ररी बसविली असल्यास एलडीकॉन्फिग चालवून प्रणालीची यादी ताजी करावी. जुन्या बांधणीचे अर्धवट तुकडे काढून टाकून सर्व काही पुन्हा एकाच संगणकावर बांधावे.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: प्रोग्रॅम चालला म्हणजे बरोबर चालला असे न मानता त्याची परीक्षा घेणे. गुप्तलेखनात यासाठी उत्तरे ठाऊक असलेली उदाहरणे असतात. ‘एबीसी’ ही तीन लहान इंग्रजी अक्षरे एसएचए-२५६ या रीतीतून काढली, तर उत्तराचा आरंभ ‘बीए७८१६बीएफ’ असाच झाला पाहिजे. मग संगणक ठाण्यातला असो वा टोकियोतला.

तक्रार दडपण्याचे फळ

काही जण वेगळाच मार्ग धरतात. आवृत्ती ३ च्या फायलीला १.१ हे टोपणनाव देतात, किंवा कोठून तरी हवी ती फाईल उतरवून घेतात. पहिला मार्ग म्हणजे मोठा पाना घेऊन नट आवळणे. दुसरा म्हणजे कुलूप बनविण्याचे काम अनोळखी माणसाला देणे.

तक्रार दडपल्याने काय होते, याचा इतिहासच आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन या प्रणालीत ओपनएसएसएलच्या दोन ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. तपासणीची साधने त्यांबद्दल कुरकुर करीत होती, एवढेच कारण. कुरकुर थांबली. पण त्यांतील एक ओळ किल्ली बनविताना लागणारा यदृच्छेचा अंश मिसळणारी होती. ती गेल्यावर उरला केवळ चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, आणि तो ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. म्हणजे अगणित किल्ल्यांच्या जागी, एका जातीच्या व लांबीच्या किल्ल्या मोजक्या हजारांतच संपत. लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. मधल्या काळात लायब्ररीचे नाव तेच होते, सर्व प्रोग्रॅम सुरळीत चालत होते, कोणीही अडले नव्हते. अडले नाही म्हणूनच घात झाला. त्या काळात तेथे बनलेली प्रत्येक किल्ली टाकून द्यावी लागली.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. इतर प्रोग्रॅम बिघडला तर चित्र वाकडे दिसते, हिशेब चुकतो, आणि आपल्याला ते कळते. कुलूप बिघडले तर ते लागलेलेच दिसते. कळते ते घर लुटले गेल्यावर. म्हणून गुप्तलेखनाचा प्रोग्रॅम अडून बसला तर त्रागा करू नये. त्याचे अडणे हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. वागळे इस्टेटमधला जाणता फिटर अडलेला नट पाहून पाना खाली ठेवतो आणि गेज हातात घेतो. तेच धोरण येथेही श्रेयस्कर.