जुन्या होडीच्या पोटात

1961 साली अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकात एक विलक्षण छायाचित्रमाला छापून आली. बोस्टन व्हेलर या कंपनीचा संस्थापक डिक फिशर 13 फुटी होडीत बसला आहे आणि होडी पाण्यातच करवतीने मधोमध कापली जात आहे. होडीचे दोन तुकडे झाले, पण बुडाला एकही नाही. इंजिन असलेल्या मागच्या अर्ध्या होडीत बसून फिशरसाहेब खुशाल निघूनही गेले. फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये भरलेल्या फोमची ही करामत होती.

त्या सुमाराच्या आणि पुढच्या वीस-तीस वर्षांतल्या कितीतरी होड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर अजून चालत्या आहेत. एकट्या फ्लोरिडात नोंदणी झालेल्या बोटींची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. यात कोट्यधीशांच्या नौका आल्या, तशाच रविवारी गळ टाकायला जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या आणि शाळामास्तरांच्या 17-18 फुटी होड्याही. इंजिन आणि ट्रेलरसकट अशी नवी होडी घ्यायची तर कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात. मग जुनीकडे लोक वळतात. फायबर कुजत नाही, कवच जाडजूड आहे, रंग मारला की झालं, असा त्यांचा हिशेब असतो. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत.

या होड्यांची ठेवण साधी. डेकच्या मध्यभागी एक उभा कट्टा, त्यावर स्टिअरिंग आणि मीटर, आणि भोवती चारही बाजूंनी मोकळी वाट. गळाला लागलेला मोठा मासा होडीला प्रदक्षिणा घालू लागला, तर दोरीमागे माणसालाही फिरता आलं पाहिजे, हे त्यामागचं कारण. छत नाही, केबिन नाही. पाऊस आला की भिजायचं. साठच्या दशकात मायामीच्या आसपास अ‍ॅक्वास्पोर्ट, माको, सीक्राफ्ट अशा कंपन्यांनी ही घडण लोकप्रिय केली. आज या नावांच्या जुन्या होड्यांना जी मागणी आहे, ती बघून आपल्याकडची बुलेटची जुनी मॉडेलं शोधत हिंडणारी मंडळी आठवावीत.

यांचा वावर उथळ पाण्यात. टॅम्पा बे, इंडियन रिव्हर लगून, एव्हरग्लेड्सच्या पश्चिमेची टेन थाउजंड आयलंड्स ही खारफुटीची बेटं, अशा ठिकाणी बऱ्याच जागी ओहोटीला पाणी गुडघ्याएवढंही उरत नाही. भरती-ओहोटीचं गणित चुकलं की होडी चिखलात आणि माणूस पुढच्या भरतीची वाट पाहत. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाच्या पंख्याने तळाचं समुद्री गवत उखडणं. तो ओरखडा भरून यायला वर्षं लागतात, आणि फ्लोरिडातल्या संरक्षित पाण्यात त्याबद्दल दंड होतो.

आणि मासे? तिथले मासे मराठी मत्स्यप्रेमींना अगदीच परके नाहीत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो रेडफिश आपल्या घोळीच्या कुळातला. घोळीच्या ज्या बोताला बाजारात सोन्याचा भाव येतो, तसाच फुगा याच्याही पोटात असतो आणि त्याच्या जोरावर तो पाण्याखाली ढोलासारखा आवाज काढतो. खारफुटीच्या मुळांत दडणारा स्नूक हा आपल्या जिताड्याचा नातलग. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळात धरत. 1980च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश खाऊ घातला. त्या पदार्थाचं वेड देशभर असं पसरलं, की मासाच संपायची पाळी आली आणि सरकारला निर्बंध घालावे लागले. आज फ्लोरिडात 18 ते 27 इंचांच्या मधला रेडफिशच ठेवता येतो. त्याहून लहान किंवा मोठा परत पाण्यात. म्हणून इथल्या होडीवर बर्फाच्या पेटीइतकीच मोजपट्टीही हवी.

आता मूळ मुद्दा. जुन्या होडीचं फायबर क्वचितच दगा देतं. दगा देतात त्या फायबरच्या आत बंद केलेल्या गोष्टी: लाकूड, फोम, इंधनाची टाकी, तारा. घेणारा माणूस मात्र बाहेरची चकाकी पाहतो.

होडीच्या पाठीमागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. सगळं इंजिन तिच्यावर लटकलेलं असतं. जुन्या होड्यांत ही भिंत म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये दाबलेलं प्लायवुड. कुणीतरी कधीतरी मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर लावायला तिथे चार स्क्रू मारतो, भोकात सीलंट भरायचा कंटाळा करतो, आणि पाण्याला वाट मिळते. पुढची पंधरा वर्षं लाकूड आतल्या आत कुजत राहतं. बाहेरून गुळगुळीत, रंग ताजा, कुठे तडा नाही. डेकखाली होडीच्या लांबीभर जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्यांचीही गत तीच, कारण पुष्कळ कंपन्या त्यांतही लाकूडच घालत.

म्हणूनच जाणकार लहानसा हातोडा घेऊन येतात आणि मडकं पारखावं तशी भिंत वाजवत जातात. घट्ट लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं बद्द. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार देतात. इंजिनाबरोबर भिंतही हलली, तर पुढे बोलणंच नको. आणखी एक सोपी युक्ती आहे: आधीच मारलेला एखादा स्क्रू मालकाच्या परवानगीने काढून बघायचा. त्याबरोबर तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला, की होडीची किंमत तिथल्या तिथे बदलते. मालकाने परवानगी नाकारली, तर तेही एक उत्तरच.

ट्रान्सम नवा करता येतो. आतला किंवा बाहेरचा फायबरचा थर कापायचा, कुजका लगदा खरवडून काढायचा, मरीन प्लायवुड किंवा फायबरने मजबूत केलेले फोमचे तक्ते बसवायचे आणि वरून पुन्हा थर चढवायचे. मेहनती माणूस हे घराच्या अंगणात करतो, पण खाज, धूळ आणि रेझिनचा वास त्याच्या नशिबी येतो. कारागिराकडून करून घेतलं, तर मजुरी पुष्कळदा होडीच्या किमतीलाही मागे टाकते. त्यामुळे हे काम आधीच नीट झालेली, कामाचे फोटो जपून ठेवलेली होडी चार पैसे जास्त देऊनही स्वस्तच पडते.

फोमची गोष्ट याहून फसवी. ट्रान्समवर इंजिन लटकवलेल्या 20 फुटांखालच्या होड्यांत पाणी भरलं तरी त्या आडव्या-समतल तरंगत राहिल्या पाहिजेत, असा नियम अमेरिकेत 1978 पासून आहे. ते काम हा फोमच करतो. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेला फोम पाणी शोषतो आणि सोडत नाही. फिशरसाहेबांनी ज्याच्या जोरावर अर्धी होडी हाकली, तोच आता होडीला जड करून खाली ओढतो. हे डोळ्यांनी दिसत नाही, वजनकाट्यावर कळतं. ट्रेलरसकट होडी काट्यावर न्यायची आणि कंपनीने दिलेल्या कोऱ्या वजनाशी आकडा ताडून बघायचा. शंभर-दीडशे किलोंचा फरक ट्रेलर, इंजिन, बॅटरी, सामान धरूनही हिशेबात बसत नसेल, तर ते पाणी आहे.

टाकी डेकखाली, बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, भोवती फोम. तिथे ओल अडकली की धातूला बारीक भोकं पडतात, आणि टाकी बदलायला डेक उघडावा लागतो. त्यात अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या कुरतडतं. आपल्याकडे ई-20 पेट्रोल आल्यापासून जुन्या दुचाकीवाल्यांची जी कुरकुर ऐकू येते, तीच तिथल्या धक्क्यांवर. काही धक्क्यांवर म्हणूनच बिनइथेनॉलचं पेट्रोल जास्त भावाने विकतात.

इंजिनाबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात, पण त्याची परीक्षा उलट सोपी असते. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायचं. एकमेकांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नसली की बरं. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार जोरात पडते का, तेही पाहायचं. जुन्या होड्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या हिशेबाने बांधलेल्या. 1998 पासून प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि फोर-स्ट्रोकचा जमाना आला. नवं इंजिन शांत, तेल कमी पिणारं, पण 90 अश्वशक्तीत सुमारे चाळीस किलोंनी जड. ते लावलं की होडीचं ढुंगण खाली बसतं, आणि डेकवरचं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून उलट बाहेरचं पाणी आत येऊन पायाशी खेळू लागतं. इव्हिनरूडचं जुनं इंजिन असेल, तर आणखी एक विचार: 1909 पासूनचं हे नाव 2020 मध्ये कंपनीने बंद केलं. सुटे भाग अजून मिळतात, पण ते मिळतात कुठे, हे आधीच विचारून ठेवलेलं चांगलं.

कागदपत्रांत बघायचा तो 12 अक्षर-अंकांचा नंबर, जो नोव्हेंबर 1972 नंतरच्या प्रत्येक होडीच्या ट्रान्समवर उजवीकडे कोरलेला असतो. त्यावरून बांधणीचं वर्ष कळतं. तोंडी सांगितलेलं वर्ष आणि हा नंबर जुळला नाही, तर तिथूनच माघारी फिरावं. विमा कंपन्या जुन्या होडीसाठी सर्वेक्षकाचा अहवाल मागतात, त्याची फी चुकवण्यात काही शहाणपण नाही. आणि 2021 पासून 26 फुटांखालच्या होडीत इंजिन बंद करणारं बटण बसवलेलं असेल, तर वेगाने जाताना चालवणाऱ्याने त्याची दोरी अंगाला लावणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती दोरी आणि तिचं बटण चालतं का, तेही बघून घ्यावं.

हे सगळं माहीत असूनही काही जण डेक कापलेली, ट्रान्सम उघडा पडलेली अर्धवट होडी घरी आणतात, कारण ती जवळजवळ फुकट मिळते. आधीच्या मालकाने उत्साहाने काम काढलेलं असतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सोडलेलं. घेणाऱ्याने आधी ट्रेलर तपासावा. चाकांच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी गेलेलं नसेल आणि सांगाडा गंजलेला नसेल, तर त्या व्यवहारात बहुतेक वेळा पैसे वसूल करणारी वस्तू तीच असते.