बर्फावरची इर्जिक

मागच्या भागात आपण गटाच्या हिशेबवह्यांबद्दल बोललो. आज जरा लांबची गोष्ट आहे, पण ती फिरून आपल्या वहीपाशीच येणार आहे.

गेल्या हिवाळ्यात बचतगटांच्या अभ्यासदौऱ्यातून आम्ही सहा जणी फिनलंडला गेलो होतो. तिथल्या सहकारी संस्था बघायच्या होत्या, त्या बघितल्या. पण परत आल्यावर प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत बायकांनी सगळ्यात जास्त विचारलं ते एका छोट्या आइस हॉकी क्लबबद्दल. "ताई, बर्फावर बायका खेळतात? पडत नाहीत का?" पडतात. भरपूर पडतात. आणि उठतात.

आधी खेळ समजून घेऊ. आपण शाळेत बघितलेल्या हॉकीत चेंडू असतो. इथे चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. रुंदी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन साधारण १६० ग्रॅम. पायात धारदार पातं लावलेले स्केट्सचे बूट, हातात लांब काठी. एका संघाचे सहा जण एका वेळी बर्फावर असतात, त्यातला एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. नियम मोडला की खेळाडूला सहसा दोन मिनिटं कडेच्या खोक्यात बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो.

आम्ही गेलो तो क्लब ताम्पेरे शहराच्या बाहेरच्या एका वस्तीतला. ताम्पेरे म्हणजे त्या देशातलं हॉकीचं माहेरघर. फिनलंडमधलं पहिलं बंदिस्त बर्फ-मैदान १९६५ साली याच शहरात सुरू झालं, आणि हॉकीचं संग्रहालयही इथेच आहे. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यामुळे संध्याकाळी माणसं एकत्र येतात ती असल्या दिव्यांनी उजळलेल्या मैदानांवर. हिवाळ्यात शाळांच्या पटांगणांवर पाणी सोडून ते गोठवतात, तिथे कुणीही फुकट खेळावं. बंदिस्त मैदानात मात्र तासाप्रमाणे भाडं असतं.

आता बर्फ कसा करतात ते सांगतो, कारण आम्हाला तेच नवल वाटलं. जमिनीखाली थंड पाण्याच्या नळ्यांचं जाळं असतं, त्या पाण्यात गोठू नये म्हणून मिठासारखं द्रव्य मिसळलेलं. वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात. एवढं करून बर्फाची जाडी फक्त तीन-चार सेंटिमीटर. खेळून त्यावर चरे पडले की एक मोठं यंत्र फिरतं. ते वरचा पापुद्रा तासतं, चुरा उचलतं आणि मागे पाणी पसरत जातं. आणि हे पाणी असतं गरम! गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो, भेगांत पाणी शिरतं आणि नवा थर जुन्याला घट्ट धरतो. आपण भिंतीला गिलावा करण्याआधी ती भिजवतो, तसंच काहीसं. हे यंत्र अमेरिकेत फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने १९४९ साली तयार केलं. त्याआधी तेच काम तीन-चार माणसांना तासाहून जास्त पुरायचं.

मैदान नगरपालिकेचं, क्लब मात्र लोकांचा. प्रशिक्षकाला थोडं मानधन मिळतं, बाकी सगळं काम आळीपाळीने आणि विनामोबदला. भिंतीवर तक्ता लावलेला होता: या शनिवारी कॉफीच्या टेबलावर कोण, घड्याळ कोण लावणार, कपडे बदलायच्या खोल्या कोण झाडणार. बायकांची नावं होती तशी पुरुषांचीही. अशा कामाला त्यांच्या भाषेत 'तालकोत' म्हणतात. एका घरचं शेतीचं मोठं काम सगळ्या गावाने मिळून उरकायचं आणि त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं, ही त्याची जुनी रीत. दुभाषी बाईंनी हे सांगितलं तसं आमच्यातल्या नांदेडच्या सुमनताई म्हणाल्या, "अहो, ही तर आपली इर्जिक!" त्या शब्दानंतर आम्हाला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

हा खेळ महाग आहे. स्केट्स, शिरस्त्राण, गुडघ्याचं, खांद्याचं संरक्षण, काठी. मूल दर वर्षी वाढतं आणि सगळं तोकडं होतं. म्हणून क्लबात एक मोठी मांडणी होती. लहान झालेलं सामान तिथे आणून ठेवायचं, मापाचं घेऊन जायचं, वहीत नोंद करायची. गोलकीपरचं सामान सगळ्यात महाग, ते क्लबच्या मालकीचं, ज्याला हवं त्याला वापरायला. बर्फाचं भाडं वर्गणीतून आणि कॉफीच्या टेबलावरच्या कमाईतून निघतं. त्या टेबलावर कॉफी आणि 'पुल्ला' नावाचा गोड पाव मिळतो. आम्ही एक घास घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. त्यात चक्क वेलदोडा!

आता मुख्य गोष्ट. या क्लबात बायकांचा एक गट आहे. कुणी नर्स, कुणी बस चालवणारी, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरातली. सगळ्यात मोठी बाई साठीला टेकलेली, पन्नाशीनंतर स्केट्स घालायला शिकलेली. त्यांच्या गटात अंगावर धडक मारायला बंदी आहे, कारण सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं.

खजिनदार बाईंनी सांगितलं, काही वर्षांपूर्वी मुलांचे संघ वाढले आणि बायकांचा आठवड्यातला एकुलता एक तास काढून घ्यायचं ठरत होतं. म्हणणं असं, की या काही स्पर्धा खेळत नाहीत, नुसत्या हौसेला येतात. बायका वार्षिक सभेला कॉफीच्या टेबलाची वही घेऊन गेल्या. कुणी किती शनिवार उभं राहून काम केलं आणि त्यातून बर्फाचं किती भाडं भरलं गेलं, सगळं तारखेनिशी. वही वाचून झाल्यावर तास राहिला. वेळ मात्र मिळाली रात्री नऊची, पोरांना झोपायला धाडायच्या घाईची. त्यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे. पण तास त्यांचा आहे.

आम्ही त्या रात्री काचेआड बसून बघितलं. एक गोष्ट लक्षात राहिली. खेळाडू मिनिटभर जीव तोडून धावतात आणि स्वतःहून बाकावर येऊन बसतात, दुसरी उडी मारून आत जाते. खेळ थांबत नाही. बसणारीला कमीपणा वाटत नाही, कारण दमलेली बाई आत राहिली तर सगळ्या संघाचं नुकसान. आमच्यात लगेच चर्चा सुरू झाली. आपल्या किती गटांत एकच अध्यक्ष सात-सात वर्षं आहे? ती दमली आहे, तिला उतरायचं आहे, पण बाकावरून उठणारी कुणी तयार केलेली नाही.

कुणी म्हणेल, हे थंड देशांचं झालं. तर आपल्याकडचंही सांगतो. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मुली हाच खेळ खेळतात. भारताचा महिला संघ २०१६ साली तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली होती. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकात कांस्यपदक. यातल्या बहुतेक मुली लडाखच्याच.

मग आपण काय करायचं? बर्फ आपल्याकडे नाही आणि हवाही नको. पण गावात पटांगण आहे. संध्याकाळी तिथे पोरांचं क्रिकेट असतं, आणि त्यांनी खेळावंच. त्यातला आठवड्याचा एक तास बायकांचा का नसावा? लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, जे येतं ते. लग्नानंतर आपण शेवटचं कधी धावलो, हे गटात एकदा विचारून बघा. गटाचा ठराव करा, इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसभेत मांडा. सोबत वही न्या: शाळेच्या स्वच्छतेला, जत्रेच्या स्वयंपाकाला, वृक्षलागवडीला गटाने किती दिवस काम दिलं त्याची. अशी वही नसेल तर येत्या बैठकीपासून घाला.

तुमच्या गावात असा तास सुरू झाला तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्याबद्दल सांगू.