करिंथ ते केडगाव : ख्रिस्ती परंपरेतील लीनता आणि शहाणपण

चौथ्या शतकातल्या रोममध्ये मारियुस व्हिक्टोरिनस हा वक्तृत्वशास्त्राचा नामवंत शिक्षक होता. सिनेटरांची मुले त्याच्याकडे शिकायला येत. त्याच्या विद्वत्तेचा गौरव म्हणून ट्रेजनच्या चौकात त्याचा पुतळाही उभारला गेला होता. उतारवयात त्याने ख्रिस्ती धर्मग्रंथ बारकाईने वाचले आणि सिम्प्लिसियानस या धर्मगुरूला तो खासगीत सांगू लागला, की मनाने मी ख्रिस्तीच झालो आहे. सिम्प्लिसियानसचे उत्तर ठरलेले असे : चर्चमध्ये दिसलात की मानीन. त्यावर व्हिक्टोरिनस हसून विचारी, भिंतींमुळे का कुणी ख्रिस्ती होतो?

अडचण भिंतींची नव्हतीच. ज्या उमरावांमध्ये त्याची ऊठबस होती ते काय म्हणतील, ही धास्ती होती. आणि चर्चमध्ये जायचे म्हणजे चांभार, धोबी आणि गुलाम यांच्या शेजारी उभे राहायचे. शेवटी एके दिवशी तो आपणहून म्हणाला, चला, जाऊ या. संकोची माणसांना श्रद्धेची कबुली एकांतात देण्याची मुभा असे. ती त्यालाही देऊ केली गेली. त्याने ती नाकारली आणि भर मंडळीत उंचावर उभे राहून कबुली दिली. ही हकीकत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये सांगितली आहे. ऑगस्टीन स्वतः मिलानमध्ये त्याच विषयाचा शिक्षक होता आणि त्याच पेचात अडकलेला होता.

ज्ञान मोठे की लीनता, असा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत दोन हजार वर्षे विचारला जातो आहे. त्याची उत्तरे मात्र वाटतात तितकी सरळ नाहीत. येशूने लहान मूल मध्ये उभे करून शिष्यांना त्याच्यासारखे व्हायला सांगितले, हे सगळ्यांना आठवते. त्याच येशूने शिष्यांना लांडग्यांच्या कळपात पाठवताना कबुतराच्या निष्कपटपणाबरोबर सापाची चतुराईही मागितली होती, हे तितकेसे आठवत नाही. दोन्ही सूचना मत्तयाच्या एकाच शुभवर्तमानात आहेत.

या वादाला पहिले ठळक रूप मिळाले ते करिंथमध्ये. समुद्री व्यापारावर गबर झालेल्या या ग्रीक शहरात धर्मप्रचारक पौल इसवी सन ५०च्या सुमारास आला. तो काही अडाणी नव्हता. तार्सस या विद्येच्या शहरात त्याचा जन्म झालेला, शिक्षण यरुशलेममध्ये गमलिएल या नामांकित गुरूच्या पायाशी. पण करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या शिवून तो पोट भरी. शहरात सशुल्क व्याख्याने देणाऱ्या वक्त्यांचा सुकाळ होता. अशा ठिकाणी हाताला घट्टे पडलेला गुरू शोभेनासा वाटणे स्वाभाविक होते. दीड वर्षाने तो निघून गेला आणि मागे मंडळीत तट पडले. कुणी पौलाचा, कुणी येशूचा शिष्य केफा याचा, तर कुणी अलेक्झांड्रियाहून आलेल्या वाक्पटू अपुल्लोसाचा.

या तंट्याची खबर लागल्यावर पौलाने लिहिलेले पत्र आज बायबलच्या नव्या करारात आहे. जगाचे शहाणपण देवापुढे मूर्खपणा ठरते, हे त्यातले विधान इतक्या वेळा ऐकवले गेले आहे, की पत्राचा पुढचा भाग झाकला जातो. त्या पुढच्या भागात तक्रारी रोजच्या जेवणाखाण्याच्या आहेत. प्रभुभोजनाला सधन मंडळी आधीच जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत. काही जाणकार म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, मग देवळात वाहिलेले मांस खायला हरकत कसली? पौलाने त्यांचा तर्क खोडला नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे, असेच तो सांगतो. पण ते पाहून मनाने दुबळा असलेला भाऊ कोलमडणार असेल, तर मी स्वतः जन्मात मांस खाणार नाही, असेही तो बजावतो. ज्ञान खरे असूनही ते कुणाच्या जिवावर मिरवले जाते, हा त्याचा सवाल होता. पुढच्या दोन हजार वर्षांतल्या कित्येक वादांना हीच कसोटी लावून पाहता येते.

पौलाच्या वाक्यांचा सोपा अर्थ लावणारेही लवकरच निघाले. कार्थेजच्या तर्तुलियनने, अथेन्सचा यरुशलेमशी संबंधच काय, असे रोखठोक विचारले. पण हे विचारणारा स्वतः लॅटिन वक्तृत्वात मुरलेला होता. त्याच्या आधी होऊन गेलेला जस्टिन तर बाप्तिस्म्यानंतरही तत्त्वज्ञाचा झगा घालूनच वावरला आणि १६५च्या सुमारास रोममध्ये श्रद्धेपायी मारला गेला. ऑगस्टीनला तरुणपणी बायबलची भाषा सिसेरोच्या तुलनेत गावंढळ वाटली होती. पुढे हिप्पोचा बिशप झाल्यावर सिसेरोच्या संवादांबद्दल विचारणाऱ्या डायोस्कोरस या तरुणाला त्याने उत्तर धाडले : सत्याकडे जाणारी पहिली वाट लीनतेची, दुसरीही तीच आणि तिसरीही. हे निव्वळ उपदेशाचे बोल नव्हते. आयुष्याच्या शेवटी ऑगस्टीनने आपली पुस्तके एकेक करून पुन्हा वाचली आणि त्यांत काय चुकले याची नोंद करणारा वेगळा ग्रंथच लिहिला. कीर्तीच्या शिखरावरच्या लेखकाने असे करणे कोणत्याही काळात दुर्मीळच.

तेराव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला. अ‍ॅसिसीच्या फ्रान्सिसने आपल्या संघाचे नावच ‘धाकटे बंधू’ असे ठेवले. ग्रंथसंग्रहाने माणूस फुगतो, अशी त्याला भीती होती. एकदा संघातल्या दोन बंधूंची म्हातारी आई मदत मागायला आली. मठात देण्याजोगे काही नव्हते. होती फक्त नव्या कराराची एक प्रत, तीच वाचून प्रार्थना चाले. तीच देऊन टाका, विकून तिला पोट भरू दे, असे फ्रान्सिसने सांगितले. त्याच्या चरित्रकाराने नोंदवलेली ही घटना ग्रंथद्वेषाची म्हणता येणार नाही. ग्रंथात गरिबाला द्यायला सांगितले आहे आणि गरीब दारात उभा आहे, एवढाच त्याचा हिशोब होता. हाच फ्रान्सिस पादुआच्या अँथनीला, प्रार्थनेची वृत्ती विझणार नसेल तर बंधूंना ईश्वरशास्त्र जरूर शिकव, असेही कळवतो.

त्याच शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने ॲरिस्टॉटलला ख्रिस्ती विचारात सामावून घेतले. अबोल, धिप्पाड थॉमसला सहाध्यायी ‘मुका बैल’ म्हणत. त्याच्या ‘सुम्मा’ या ग्रंथाची बांधणी पाहण्यासारखी आहे : प्रत्येक प्रश्नावर आधी विरोधकांचे आक्षेप मांडायचे, मग स्वतःचे उत्तर द्यायचे आणि शेवटी एकेका आक्षेपाचा परामर्श घ्यायचा. दुसऱ्याचे आधी ऐकून घेण्याची शिस्त तिथे ग्रंथाच्या रचनेतच उतरली आहे. ६ डिसेंबर १२७३ रोजी प्रार्थनाविधीत त्याला काही अनुभव आला आणि त्यानंतर त्याने लेखणी उचलली नाही. जे दिसले त्यापुढे आपले लेखन गवताच्या काडीसारखे वाटते, असे त्याने सहकाऱ्याला सांगितले. ‘सुम्मा’ अपुरीच राहिली.

निव्वळ लीनतेने मात्र भागत नाही, हेही त्याच शतकाने दाखवून दिले. दोन वर्षांहून अधिक काळ पोपची निवड अडलेली असताना १२९४ साली मोरोनेचा पीटर हा डोंगरात राहणारा वृद्ध तपस्वी निवडला गेला. पाचवा सेलेस्टीन हे नाव घेऊन तो लाक्विला शहरात शिरला तो गाढवावर बसून. त्याच्या साधुत्वाबद्दल कुणाला शंका नव्हती. पण कारभार त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. एकच पद त्याने अनेकांना देऊन टाकले आणि नेपल्सच्या राजाने त्याला आपल्या मुठीत ठेवले. डिसेंबरात त्याने पद सोडले. त्याच्या जागी आलेला आठवा बोनिफेस कायद्यात निष्णात आणि राजकारणात मुरलेला होता. त्याने सेलेस्टीनला फुमोनेच्या गढीत कोंडले. १२९६ साली तिथेच सेलेस्टीनचा अंत झाला. बोनिफेसची चतुराईही फार काळ टिकली नाही. सगळी राजसत्ता पोपच्या अधीन असल्याचे १३०२ साली जाहीर केल्यावर वर्षभरातच फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी अनान्यीत त्याला धरले आणि सुटकेनंतर महिनाभरात तो वारला. सोळाव्या बेनेडिक्टने २००९ साली सेलेस्टीनच्या कबरीवर आपले पोपपदाचे वस्त्र ठेवले आणि २०१३ साली स्वतः पद सोडले, तेव्हा या विसरलेल्या तपस्व्याची जगाला पुन्हा आठवण झाली.

महाराष्ट्रात हा पेच आला तो शास्त्री-पंडितांच्या घरांतून, म्हणून त्याला वेगळी धार होती. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून ते पुढे सरसावले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ‘षड्दर्शनदर्पण’सारखा ग्रंथ लिहिणारा हा माणूस जन्मभर फकिरीत राहिला. आपल्याला शंका छळतात, हेही त्यांनी कधी लपवले नाही.

नारायण वामन टिळकांचे वळण आणखी निराळे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवले, ‘ज्ञानोदया’त लिहिले आणि भजने रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही जागा होती. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार मागे पडला. व्यवहाराच्या मापाने हा प्रयोग फसला, पण त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

पण या साऱ्या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या रमाबाई वैधव्यानंतर इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तिथून वादाला तोंड फुटले. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी शिकवण मानायला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या शाकाहारावरूनही कुरबुर झाली. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना या साऱ्यात गर्व दिसला. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना लक्षात येते, की सत्ताधाऱ्यांच्या देशातला मठ जिला लीनता म्हणत होता तिच्यात आज्ञाधारकपणाचा वाटा मोठा होता. रमाबाईंना देवापुढे वाकायचे होते. साहेबाच्या धर्मपीठापुढे वाकणे त्यांना त्याहून वेगळे वाटत होते, आणि त्यांचे बरोबर होते.

त्यांची लीनता दिसली ती पुढे, आणि चतुराईसह दिसली. अमेरिकेत गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी पाठीराखे जोडले. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू झाली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात विणकाम, तेलाचा घाणा, दुधाचा धंदा, बागायत, छापखाना असे उद्योग उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे २००० जणी राहत होत्या. इतक्या पोटांना अन्न आणि हातांना काम देणे भाबडेपणाने जमणारे नव्हते.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. सरस्वती म्हणून गौरवलेल्या या बाईने त्यात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले, कारण खेड्यातल्या, जेमतेम अक्षरे लावता येणाऱ्या बाईला ते कळावे अशी त्यांची धडपड होती. अभिजात मराठीच्या चाहत्यांना ते भाषांतर रुक्ष वाटू शकते आणि चर्चमध्ये ते फारसे रुजलेही नाही. पण मराठीत जाणून-बुजून इतकी मोठी विद्या इतक्या साध्या वाचकासाठी कामाला लावल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते छापले गेले मुक्ती सदनाच्या छापखान्यातच, तिथेच अक्षरओळख झालेल्या आणि खिळे जुळवायला शिकलेल्या बायकांच्या हातून.