रीलमध्ये दिसलेली ई-स्कूटर रस्त्यावर किती धावते? बुकिंगआधी असं तपासा

कधी नावही न ऐकलेल्या ब्रँडची ई-स्कूटर रीलमध्ये दिसते. किंमत कमी, रेंज भरपूर. पैसे भरण्याआधी पाच मिनिटं काढा.

नोंदणी पाहा: केंद्र सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर राज्य आणि आरटीओ निवडून उत्पादकनिहाय आकडे पाहता येतात. तिथे ब्रँडचं नव्हे, उत्पादक कंपनीचं नाव शोधा. तुमच्या आरटीओत मोजक्याच गाड्या असतील, तर सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग कुठे मिळतील, हे आधी विचारा.

नावच नाही? गाडी लो-स्पीड असू शकते. वेग ताशी २५ किमीपेक्षा आणि मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असेल, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मात्र त्यासाठीही पुण्यातील 'एआरएआय'सारख्या चाचणी संस्थेची मंजुरी हवी.

इथे थांबा: 'ताशी ५० किमी वेग, लायसन्सची गरज नाही' हे दोन्ही दावे एकत्र खरे असू शकत नाहीत. अशी गाडी विनानोंदणी चालवली, तर दंड विक्रेत्याला नाही, तुम्हाला भरावा लागेल. अपघात झाला, तर विम्याचाही आधार नसेल.

बॅटरी: नोंदणी होणाऱ्या स्कूटरसाठी 'एआयएस १५६' प्रमाणपत्राची प्रत मागा.