पलटणींचा अमेरिकन मालक

11 मार्च 1795 रोजी खर्ड्यावर निजाम अलीखानाचा पराभव झाला. तहात तीन कोटींचा भुर्दंड पडला, दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्यात ओलीस राहिला आणि दौलताबादचा किल्ला पेशव्यांकडे द्यावा लागला. औरंगाबादकरांच्या दारातला हा किल्ला गेला, तरी हैदराबादेत फ्रेंच सरदार रेमंडचे वजन वाढतच राहिले, कारण निजामाचे कवायती पायदळ त्याच्याच मुठीत होते. त्याला शह द्यायला इंग्रज रेसिडेंटने जी माणसे पुढे केली, त्यांत जॉन पार्कर बॉइड नावाचा एक अमेरिकन होता.

बॉइडचा जन्म 1764 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टचा. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर अमेरिकेने फौज जवळजवळ मोडून टाकली होती. हुन्नरी तरुणाला तिथे बढती कुठली मिळणार? 1789 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि त्याने इथल्या रिवाजाप्रमाणे धंदा मांडला. तीन पलटणी, दर पलटणीत सुमारे पाचशे शिपाई. बंदुका, तोफा आणि हत्तीसुद्धा त्याच्या मालकीचे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. हा सगळे पायदळच घेऊन यायचा. निजामाकडून तो पुढे पेशव्यांच्या चाकरीत पुण्याला गेला. शेवटी त्याने आपला सगळा सरंजाम फिलोज या नेपल्सच्या सरदाराला विकला आणि मायदेशाची वाट धरली. शिपायांसकट फौज विकता येते, यात तेव्हा कुणाला वावगे वाटत नव्हते.

1808 मध्ये अमेरिकेने त्याला चौथ्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल नेमले. 7 नोव्हेंबर 1811 रोजी इंडियानातल्या टिपकनू नदीकाठी शॉनी नेता टेकमसे याच्या भावाच्या योद्ध्यांनी पहाटेच्या अंधारात अमेरिकन छावणीवर छापा घातला. सेनापती होता विल्यम हेन्री हॅरिसन, आणि बॉइडची रेजिमेंट त्याच्या फौजेचा कणा होती. छावणी तगली. या एका लढाईच्या कीर्तीवर हॅरिसन 1841 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि महिन्याभरात वारलाही.

बॉइडच्या वाट्याला मात्र इंग्रजांशी पेटलेल्या युद्धात क्रायस्लर्स फार्मची लढाई आली. 11 नोव्हेंबर 1813 रोजी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, मॉन्ट्रियलच्या वाटेवर, सेनापती विल्किन्सन होडीत आजारी पडून होता आणि लढाई बॉइडवर येऊन पडली. समोर इंग्रजांचे जेमतेम आठ-नऊशे लोक. बॉइडकडे दुपटीहून जास्त. त्याने पलटणी तुकड्यातुकड्यांनी पुढे लोटल्या आणि हार खाल्ली. मॉन्ट्रियलची मोहीम तिथेच गुंडाळावी लागली. अमेरिकन अधिकारी विनफिल्ड स्कॉटने आठवणींत त्याचा निकाल लावला आहे: हाताखाली असताना भला माणूस, मोठी जबाबदारी पडली की डळमळीत. 1830 मध्ये बॉइड बोस्टनमध्ये वारला.

यात एकट्या बॉइडचा दोष शोधण्यापेक्षा 1802 आणि 1803 ही दोन साले शेजारी ठेवून पाहावीत. मार्च 1802 मध्ये अमेरिकेने वेस्ट पॉइंटला लष्करी विद्यालय काढले. ऑगस्ट 1803 च्या अखेरीस शिंद्यांवर चालून निघालेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली औरंगाबादला पोचला. इंग्रजांनी जाहीरनामा काढताच शिंद्यांच्या चाकरीतले बहुतेक इंग्रज अधिकारी पलटणी सोडून गेले. 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंद्यांचे जे पायदळ लढले, त्याचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा होता. गोलंदाजांनी तोफा सहजी सोडल्या नाहीत. वेलस्लीचे सुमारे दीड हजार लोक पडले वा जखमी झाले. शौर्य आपले होते, तोफा आपल्या होत्या, कवायतही अंगी मुरली होती. हुकूम देणारा मात्र रोजंदारीचा.

अमेरिकेनेही पराभव खाल्ले, पण दर पराभवानंतर तिथे अधिकारी घडवायचे काम चालू राहिले. क्रायस्लर्स फार्मनंतर आठ महिन्यांत स्कॉटने कवायतीत तयार केलेल्या पलटणींनी चिपावा इथे इंग्रजांना हटवले. बॉइडच्या हयातीत त्याच्या मायदेशाने त्याच्यासारख्यांवाचून चालवायला शिकून घेतले. दख्खनच्या दरबारांनी ते शिकायचे ठरवण्याआधीच असईचा निकाल लागला होता.