जेत्यांची मदत, जपानचा हिशेब

ऑक्टोबर १९४७ मध्ये टोकियोतले एक न्यायाधीश, योशितादा यामागुची, उपासमारीने गेले. काळ्या बाजारातले धान्य घेताना सापडलेल्यांना शिक्षा सुनावणे हे त्यांचे काम. तेच धान्य स्वतः खायचे आणि दुसऱ्याला त्यापायी तुरुंगात धाडायचे, हे त्यांना पटेना. त्यांनी रेशनवर भागवायचे ठरवले आणि रेशनवर माणूस जगत नव्हता. शरणागतीला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती.

जपानच्या उभारणीचा विषय निघाला की आपल्याकडे शिस्तीची आणि देशप्रेमाची आरती सुरू होते. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या दिलदारपणाची कथा असते. दोन्हींत तथ्य आहे, पण मदत कोणत्या वर्षी, कशासाठी आणि कोणाच्या सोयीने आली, हे दोन्हींतून निसटते.

सुरुवातीला जेत्यांना जपान उभा करायचाच नव्हता. १९४५ च्या अखेरीस एडविन पॉली यांच्या शिष्टमंडळाने शिफारस केली, ती कारखाने उखडून जपानने तुडवलेल्या आशियाई देशांना देण्याची. त्याच काळात ताबा घेऊन बसलेल्या फौजेचा खर्च जपानच्याच तिजोरीतून जात होता आणि पहिल्या वर्षांत तो सरकारी अंदाजपत्रकाच्या सुमारे एक तृतीयांश होता. मदतीच्या गोष्टी सांगताना हा आकडा सहसा कोणी काढत नाही.

धान्य मात्र आले. ‘गॅरिओआ’ नावाच्या अमेरिकी निधीतून गहू, खते, औषधे येऊ लागली. या निधीचा घोषित हेतू रोगराई आणि असंतोष रोखणे हा होता. मे १९४६ मध्ये भुकेलेल्या लोकांचा प्रचंड मोर्चा थेट राजवाड्यासमोर गेला होता, तेव्हा ‘असंतोष’ हा शब्द उगाच आलेला नव्हता. शिवाय ‘लारा’ या छत्राखाली अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांनी कपडे आणि दूधपावडर पाठवली. त्यात परदेशी स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या लोकांची वर्गणीही होती. शाळेतल्या दुपारच्या जेवणात ते दूध मिळे. त्याची चव त्या पिढीला आयुष्यभर आठवत राहिली, आणि फारशी प्रेमाने नाही.

१९४८ मध्ये वारे फिरले. चीनमध्ये कम्युनिस्टांची सरशी होत होती, रशियाशी शीतयुद्ध पेटले होते आणि जपानला पोसण्याचा भार अमेरिकी करदात्याला नकोसा झाला होता. कारखाने उखडण्याचा बेत गुंडाळला गेला. १९४९ च्या आरंभी डेट्रॉईटचे बँकर जोसेफ डॉज टोकियोत आले. त्यांनी अंदाजपत्रकातली तूट बंद केली, डॉलरचा भाव ३६० येन ठरवला आणि मदतीच्या मालाचा हिशेब लावून दिला. आलेला माल जपानमध्ये विकायचा, त्याचे येन वेगळ्या खात्यात जमा करायचे आणि तिथून वीज, जहाजबांधणी, रेल्वे अशा कामांना भांडवल द्यायचे. गहू पोटात गेला आणि त्याच्या किमतीतून वीजकेंद्र उभे राहिले. माझ्या मते डॉज यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. बाकी त्यांचे औषध जालीम होते: महागाई थांबली, पण धंदे बसले आणि लाखो लोक बेकार झाले. टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर गेली. १९५० च्या संपानंतर संस्थापक किइचिरो टोयोदांना पायउतार व्हावे लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. अमेरिकी लष्कराला ट्रक हवे होते, दुरुस्ती हवी होती, गोणपाटापासून पोलादापर्यंत सगळे जवळच्या देशातून हवे होते. डॉलर आता मदत म्हणून नाही, मालाची किंमत म्हणून आले. जपानला खरा हात मिळाला तो शेजाऱ्याच्या संहारातून. हे सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितले पाहिजे.

पैशाखेरीज झालेले कामही मोठे होते. जमीन सुधारणेत कुळांना जमिनी मिळाल्या आणि कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते, ते सुमारे दहा टक्क्यांवर आले. ताबा घेतलेल्या फौजेचे सेनापती मॅकआर्थर यांनी राज्य चालवले तेही जपानी मंत्रालयांमार्फतच. कारकून, शिक्षक, इंजिनिअर बहुतांशी जागेवर राहिले. २००३ मध्ये इराकसाठी जपानचा दाखला देणाऱ्यांनी तिथले सैन्य बरखास्त केले आणि बाथ पक्षाच्या अधिकाऱ्यांना घरी बसवले. दाखला देताना त्यातली मुख्य गोष्टच त्यांनी गाळली.

या कथेत आपलाही धागा आहे. सप्टेंबर १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेला भारत गेला नाही. ९ जून १९५२ रोजी वेगळा तह करून त्याने युद्धाच्या भरपाईवर पाणी सोडले. पोर्तुगीज गोव्यातला व्यवहार रोखठोक होता. जपानी भट्ट्यांना लोहखनिज हवे होते, खाणमालकांना यंत्रे. १९५१ पासून जपानने यंत्रांसाठी कर्ज दिले आणि फेड खनिजात घेतली. मांडवी-झुआरीतून बार्जेस मुरगावला जात आणि तिथून जहाजे जपानला.

ज्यांनी भरपाई घेतली, त्यांना जपानने बहुतांशी माल आणि सेवा दिल्या: ब्रह्मदेशाला १९५४ च्या कराराने २० कोटी डॉलरच्या, फिलिपिन्सला १९५६ च्या कराराने ५५ कोटींच्या. यंत्रे गेली, मागोमाग सुटे भाग गेले आणि बाजारपेठ तयार झाली. देणे फेडता फेडता ग्राहक मिळवण्याची ही हातोटी जपानने पुढेही सोडली नाही.

अमेरिकेच्या मदतीपोटीचे देणे १९६२ मध्ये तडजोडीने ४९ कोटी डॉलर ठरले. जागतिक बँकेकडून जपानने १९५३ ते १९६६ या काळात ३१ कर्जे घेतली. टोकियो-ओसाका शिनकान्सेनसाठी घेतलेले ८ कोटी डॉलर त्यातलेच; या सगळ्या कर्जांचा शेवटचा हप्ता जुलै १९९० मध्ये फिटला. पण कर्ज फिटण्याची वाट न पाहता जपान स्वतःच सावकार झाला होता. त्याचे पहिले येन-कर्ज १९५८ मध्ये भारताला मिळाले आणि ते जपानी यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी होते.